दोन नंबरचा कनेक्टिंग रॉड आवळला की क्रँकशाफ्ट जाम, मदत हवी आहे (मारुती ८००)

मंडळी, पहिल्यांदाच इंजिन खोललंय, जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, ७९६ सीसी तीन सिलिंडर. उद्यमनगरात बोअर करून ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन घेतले, क्रँक ग्राइंड करून ०.२५ मिमी अंडरसाइज बेअरिंगं. मेन कॅप (क्रँक ब्लॉकला धरून ठेवणाऱ्या) टॉर्क रेंचनं आवळल्यावर क्रँक हातानं भिंगरीसारखी फिरते, एक आणि तीनचा रॉड लावला तरी ठीक, पण दोनची कॅप आवळली की लई जड, पाना लावूनपण हलत नाही, नट ढिला केला की परत मोकळी.

कॅपचे मार्क जुळतायत, बेअरिंगच्या पाठीला कचरा नाही, एकचं बेअरिंग दोनला लावलं तरी तेच. पिस्टन बोअरमध्ये नीट सरकतोय, रिंग गॅप फीलर गेजनं बघितलाय. बेअरिंगचं शेल (अर्धी वाटी) काढून बघितलं तर फक्त एका कडेला चकाकणारी बारीक पट्टी, बाकी कोरं.

एमरी मारून बेअरिंग घासा म्हणणारे भेटलेत, ते करणार नाही. मायक्रोमीटर नाही, आणि सगळं उतरवून क्रँक परत न्यायच्या आधी खात्री पाहिजे.

जर्नलच्या (क्रँकचा रॉड बसतो तो गोल भाग) कोपऱ्यातला रेडियस, म्हणजे गोलाई, ग्राइंडिंगला जास्त राहिलाय का रॉडच वाकडा आहे, हे घरी कसं ओळखायचं? पिस्टन काढून नुसता दोनचा रॉड एकच्या जर्नलवर आवळून बघितला तर कळेल का?