वेबसाइटचे काम उक्ते घ्यावे की तासांच्या दराने?

रामबाग, इंदूर
गेली सहा वर्षे मी घरूनच वेबसाइट तयार करण्याचे काम करते आणि यापुढे उक्ते काम अंगावर घ्यायचे नाही, असे मी ठरवले आहे. सियागंजातील एका मसाला व्यापाऱ्यांचे ऑनलाइन दुकान मी ३५,००० रुपयांत उभारून द्यायचे कबूल केले होते. चाळीस वस्तू आणि साठ तास, असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात वस्तू २६० निघाल्या. छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून आली ती पुसट. कुठे तराजूची सावली, कुठे पाकीट धरणाऱ्याचा अंगठा, आणि धने पूड व धने-जिरे पूड यांची नावे उलटसुलट. ते निस्तरण्यातच चार दिवस गेले. काम संपेपर्यंत १५० तास झाले, म्हणजे तासाला ५८३ रुपये धरले होते तिथे २३३ हाती आले. व्यापारी सज्जन होते. त्यांना प्रत्येक मागणी किरकोळ वाटत होती, आणि तिचे वेगळे पैसे पडत नसल्यामुळे ती खरोखर हवी आहे का, हे तपासण्याची गरज त्यांना कधी भासली नाही.

दांडिया बाजार, वडोदरा
आपल्या कष्टांबद्दल आदर ठेवूनही मला हा निष्कर्ष मान्य नाही. वस्तू किती, छायाचित्रे कोण देणार आणि बदलांच्या फेऱ्या किती, हे आधी लिहून घेतले असते तर त्याच ३५,००० रुपयांत आपण सुखरूप राहिला असता. तासांचा दर हा अनुभवी माणसाला दंड आहे. पूर्वी जे दुकान उभारायला मला तीन आठवडे लागत, ते आज वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचे तयार सॉफ्टवेअर आणि स्वतःचे जमवलेले साचे वापरून चार दिवसांत होते. मग हात बसला म्हणून मी कमी पैसे घ्यायचे का? शिवाय तासांचा हिशोब पटवायचा कसा? अपवर्क या घरून काम करणाऱ्यांना कामे मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर तासांच्या कामाला पैशाची हमी हवी असेल, तर दर दहा मिनिटांत एकदा आपल्या पडद्याचे चित्र टिपू द्यावे लागते. मंगळ बाजारातील दुकानदाराला अशी चित्रे पाहायला वेळही नाही आणि रसही नाही.

कापड मार्केट, इंदूर
मी पैसे देणाऱ्यांपैकी आहे. मागे एकाला तासांच्या दराने काम दिले, तेव्हा बिलात ‘सर्व्हरची दुरुस्ती, साडेतीन तास’ अशी एक ओळ होती. ती खरी असेलही, पण मला ती तपासता येत नव्हती, आणि तो संशय पुढे प्रत्येक बिलावर राहिला. मला आधी पूर्ण आकडा हवा असतो. त्यात जीएसटी धरला आहे की नाही, हेही तेव्हाच कळायला हवे, कारण ३५,००० वर १८ टक्के म्हणजे आणखी ६,३०० रुपये होतात.

रामबाग, इंदूर
वस्तूंची यादी लिहून घ्यायला हवी होती, ही चूक माझीच. परंतु सगळेच काम मोजता येत नाही. दुसऱ्याने बांधलेली आणि मध्येच बंद पडलेली वेबसाइट हाती येते, तेव्हा दोष एखाद्या जुन्या प्लगिनमध्ये (वेबसाइटला जोडलेल्या पूरक प्रोग्राममध्ये) आहे, पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेच्या, जोडणीत आहे की कोणी आत घुसून फायली बदलल्या आहेत, हे उघडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. तिथे मी उक्ता आकडा सांगितला, तर तो एक तर भीतीपोटी फुगवलेला असेल किंवा माझ्याच अंगाशी येईल. आणि हात बसला असेल, तर तासाचा दर वाढवावा.

दांडिया बाजार, वडोदरा
वाढवून पाहिला आहे. चार दिवसांच्या, म्हणजे बत्तीस तासांच्या कामाचे ६४,००० रुपये सांगितले की गिऱ्हाईक घासाघीस करून का होईना, होकार देते. तासाला २,००० म्हटले की ते आपल्या दुकानातील कारागिराच्या रोजाशी तुलना करू लागते. बंद पडलेल्या वेबसाइटबाबत मात्र आपले म्हणणे मला पटते.

कापड मार्केट, इंदूर
अशा दुरुस्तीत पहिल्या पाच तासांचे पैसे मी तक्रार न करता देईन. मात्र सहावा तास सुरू होण्याआधी दोष काय सापडला आणि पुढचा खर्च किती, हे मला लेखी मिळाले पाहिजे.