हायलाइट्स करताना टाळू भाजली, त्या जागी केस येणार नाहीत म्हणतात. भरपाई मागता येते का?

बस्तेवाली_सातारा

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात साड्यांच्या दुकानात कामाला आहे. लग्नाच्या बस्त्याचं काउंटर माझ्याकडे असतं. डिसेंबरात धाकट्या दिराचं लग्न होतं म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी मोठ्या जाऊबाईंबरोबर पुण्याला गेले. मॉलमध्ये एका साखळी सलूनची शाखा आहे, नाव इथे घालत नाही. हायलाइट्सचं पॅकेज जीएसटीसकट ७,३५० रुपये.

ब्लीचची पावडर आणि डेव्हलपर कालवून बटांना लावलं, फॉइलमध्ये गुंडाळलं आणि वर ते गरम हवेचं गोल यंत्र फिरवत ठेवलं. थोड्या वेळात माथ्यावर मधोमध आग व्हायला लागली. त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "चुरचुरतंच मॅडम, कलर चढतोय." आणि दुसऱ्या कस्टमरकडे गेली. परत हाक मारली तेव्हा मॅनेजरबाई आल्या आणि "अजून दहा मिनिटं, नाहीतर पिवळट राहील" म्हणाल्या. जाऊबाई शेजारच्या खुर्चीवर होत्या, त्यांनी हे सगळं ऐकलंय.

रात्री उशी ओली झाली, माथ्यातून पाणी येत होतं. मग फोड, मग काळी जाड खपली. साताऱ्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी रासायनिक भाजणं म्हणून निदान केलं. खपली पडल्यावर साधारण तीन सेंटिमीटरचा गुळगुळीत चट्टा राहिलाय. मुळंच जळाली आहेत, पुढेमागे हेअर ट्रान्सप्लांटचा विचार करा, असं ते म्हणाले. लग्नाचे सगळे फोटो डोक्यावर पदर घेऊन. सासूबाई खूश, मी नाही.

सलूनवाले आधी म्हणाले, तुमची स्किनच सेन्सिटिव्ह. मग मला एका फॉर्मचा फोटो पाठवला. काम सुरू करायच्या आधी टॅबवर बोटाने सही घेतली होती, त्यात म्हणे "होणाऱ्या कोणत्याही त्रासास सलून जबाबदार राहणार नाही" असं आहे. आता सांगतात, पैसे परत देतो, वर १०,००० देतो, स्टॅम्पपेपरवर "पूर्ण व अंतिम" असं लिहून द्या.

इकडे दुकानात शेठनी मला गोडाऊनला टाकलंय, फॉल-पिकोच्या साड्या मोजायला. स्कार्फ बांधलेली बाई बस्त्याला बसलेली गिऱ्हाइकाला चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. पगार तोच, पण ऐन लग्नसराईत विक्रीवरचा इन्सेंटिव्ह गेला, आणि माझं घर चालतं ते त्याच्यावर. नवरा म्हणतो, दहा हजार घे आणि विषय मिटव, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

मला विचारायचंय ते हे: त्या सहीमुळे माझे हात खरंच बांधलेत का? तक्रार करायची तर पुण्याला खेटे घालावे लागतील का? आणि किती मागावं?

खडूस_ठाणेकर

ताई, दहा हजार कसले घेता! दिल्लीत एका बाईंचे केस चुकीचे कापले म्हणून २ कोटी मिळाले होते, पेपरात आलं होतं. तुमची तर कातडी जाळली. सरळ एक कोटी ठोका.

काळाकोट_सांगली

ठाणेकर, पेपरातली अर्धी बातमी सांगू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये २ कोटी दिले हे खरं. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द करून प्रकरण परत पाठवलं. सेवेत त्रुटी होती हे मान्य, पण नुसतं मागितलं म्हणून कोटी देता येत नाहीत, नुकसान किती झालं त्याचा पुरावा हवा, असं सांगून. ताईंच्या कामाची गोष्ट ती आहे.

ताई, मी सांगली-साताऱ्याच्या ग्राहक आयोगांत कामं चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती सही. रंग बसणार नाही, ॲलर्जी होऊ शकते, अशा धोक्याची कल्पना तुम्हाला दिली एवढंच त्या फॉर्मवरून फार तर म्हणता येईल. आग होतेय असं गिऱ्हाईक सांगत असताना यंत्र चालूच ठेवायचं, हा निष्काळजीपणा आहे, आणि त्याला तुम्ही टॅबवर संमती दिलेली नाही. ते लोक हा कागद पुढे करणारच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'सेवेतील त्रुटी'च्या व्याख्येत निष्काळजीपणाही येतो, त्यावर बोट ठेवायचं. टॅबवर मजकूर इंग्रजीत होता का, वाचायला दिला होता का, प्रत दिली होती का, हे तक्रारीत आवर्जून लिहा.

पुण्याला जायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. जुन्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. म्हणजे तुमचं प्रकरण साताऱ्यात. शाखा ज्यांनी फ्रँचायझीवर घेतली ते आणि ब्रँडची कंपनी, दोघांनाही सामनेवाले करा. नाहीतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटतो.

फी: कोणता आयोग आणि किती शुल्क हे तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. तुमचे ७,३५०. तेव्हा दहा लाख मागितले तरी जिल्हा आयोगच, आणि एक रुपया शुल्क नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. ऑनलाइन दाखल करायचं तर पूर्वीचं ई-दाखिल आता ई-जागृती पोर्टलमध्ये आलंय. वकील सक्तीचा नाही. (हे माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय.)

किती मागावं याला माझं उत्तर: जेवढ्याचा कागद आहे तेवढं, अधिक मानसिक त्रासाचे बेताचे. सलूनची रक्कम, डॉक्टर-औषधं, ट्रान्सप्लांटचं लेखी अंदाजपत्रक, आणि इन्सेंटिव्ह. या शेवटच्याला लोक हमखास कच्चे राहतात. शेठकडून लेटरहेडवर पत्र घ्या: मागच्या लग्नसराईत इन्सेंटिव्ह किती होता, यंदा किती, आणि काउंटर का बदललं. जोडीला पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट. शेठ पत्र द्यायला कांकूं करतील, कारण गोडाऊनला टाकल्याचं लेखी द्यायला कुणाला आवडत नाही. तर मग तुमचं शपथपत्र आणि बँक स्टेटमेंट. माझ्या पाहण्यात जिल्हा आयोग अशा प्रकरणांत काही हजारांपासून एक-दोन लाखांपर्यंत देतात. चेहऱ्यावर किंवा डोक्यावर कायमचा व्रण असेल तर पुढेही जातात, पण तो कायमचा आहे हे डॉक्टरांनी लेखी म्हटलेलं लागतं.

स्टॅम्पपेपरवर सही करू नका. पैसे परत घ्यायला हरकत नाही, मात्र ईमेलवर "पुढील हक्क राखून स्वीकारत आहे" असं कळवून. "पूर्ण व अंतिम" वर सही झाली की नंतर मीच काय, कुणीही फारसं काही करू शकत नाही.

आजच्या आज एक काम करा: त्या दिवसाचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा अशी लेखी मागणी ईमेल आणि स्पीड पोस्टाने पाठवा. फुटेज काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, कदाचित गेलंही असेल. पण आपण मागितलं आणि त्यांनी दिलं नाही, हेही आयोगापुढे मांडता येतं.

त्वचाराव

त्वचारोगतज्ज्ञ आहे, कायद्यातलं कळत नाही. ब्लीच पावडरमधली परसल्फेटं आणि डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आलं की मिश्रण स्वतःच तापतं. फॉइलमध्ये ती उष्णता कोंडते, वर बाहेरून हीटर. मिश्रण मुळाशी टेकलं तर माथ्याच्या भागात खोल भाजतं, आमच्या शास्त्रीय साहित्यात अशी प्रकरणं नोंदलेली आहेत. चुरचुरणं वेगळं आणि आग होणं वेगळं. आग झाली की तिथल्या तिथे भरपूर पाण्याने धुवायचं असतं.

तुमच्या पहिल्या केसपेपरवर "सलूनमध्ये ब्लीच केल्यानंतर" असं कारण लिहिलंय का बघा. नुसतं 'टाळूला जखम' असेल तर समोरचा वकील घरातल्या स्ट्रेटनरनेही भाजलं असेल म्हणेल. ट्रायकोस्कोपी (भिंगातून टाळूची तपासणी) करून घ्या. केसांची छिद्रंच नाहीशी झालेली दिसली तर तो पुरावा फोटोसकट मिळतो. ट्रान्सप्लांटची घाई मात्र नको. व्रण पूर्ण बसायला वेळ द्यावा लागतो आणि व्रणाच्या जागी लावलेले केस साध्या टकलापेक्षा कमी टिकतात. अंदाजपत्रकात एकाहून जास्त सिटिंग धरायला सांगा.

पार्लरवाली_नागपूर

मी अठराएक वर्षं पार्लर चालवते, म्हणून दुसरी बाजू सांगायला आले होते. पण हे वाचून दुसरी बाजूच सापडेना बाई! आग होते म्हटल्यावर फॉइल उघडायची, हे आमच्याकडे शिकाऊ पोरीला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मिश्रण मुळापासून बोटभर सोडून लावायचं, आणि हीटर वापरायचा की नाही हे डब्यावरच्या सूचनेत पाहायचं. बऱ्याच कंपन्या नकोच म्हणतात. सलूनने कुठलं प्रॉडक्ट आणि किती व्हॉल्यूमचा (म्हणजे किती तीव्र) डेव्हलपर लावला ते विचारा. मोठ्या सलूनमध्ये कस्टमरचं कार्ड असतं, त्यात २० की ४० ते लिहिलेलं असतं. ४० लावून वर हीटर दिला असेल तर बोलायलाच नको.

"सेन्सिटिव्ह स्किन" हे वाक्य आम्ही सगळेच कधी ना कधी फेकतो, खोटं कशाला बोलू. पण मग पॅच टेस्ट केली होती का? केलीच नसेल तर सेन्सिटिव्ह आहे हे त्यांना कळलं कसं? हे त्यांना लेखी विचारा, मजा येईल.

एक विनंती. त्या मुलीच्या मागे लागू नका. पगार बारा-पंधरा हजार आणि टार्गेट डोक्यावर. मॅनेजर "दहा मिनिटं" म्हणाली ना, तिथेच धरा.

बस्तेवाली_सातारा

सगळ्यांचे आभार. त्वचाराव, केसपेपर काढून पाहिला, "हेअर ब्लीच ॲट सलून" असं डॉक्टरांच्या अक्षरात आहे. मेडिकलवाल्याकडून वाचून घेतलं. सीसीटीव्हीचा ईमेल काल रात्री पाठवला, सकाळी मॅनेजरबाईंचा फोन. दहाचे पंचवीस झाले! फोनवर नको, लिहून पाठवा म्हटलं. अजून काही आलेलं नाही.

मुलीचं पटलं. तिचं नाव मी लिहिणार नाही.

काळाकोट साहेब, दोन अडचणी आहेत. बिल माझ्या नावावर नाहीये. पैसे जाऊबाईंनी यूपीआयवरून भरले आणि मेंबरशिप त्यांची म्हणून बिलावर नाव-मोबाइल त्यांचाच. मग ग्राहक कोण, त्या की मी? आणि नवऱ्याचे एक मित्र पोलिसात आहेत, ते म्हणतात एफआयआर करा, सलूनवाले आपोआप सरळ येतील.

काळाकोट_सांगली

बिलाची काळजी सोडा. पैसे देणाऱ्याच्या संमतीने जो सेवेचा लाभ घेतो तोही कायद्याने ग्राहक. जाऊबाईंचं शपथपत्र घ्या, त्यात दोन गोष्टी: पैसे त्यांनी तुमच्यासाठी भरले, आणि "दहा मिनिटं" हे वाक्य त्यांनी स्वतः ऐकलं. त्यांना दुसऱ्या तक्रारदार म्हणून घेतलं तरी चालेल. मी असतो तर घेतलं असतं, म्हणजे हा मुद्दा समोरच्याला उरतच नाही. फक्त जावा-जावांचं बरं आहे ना, ते तुम्ही बघा.

पोलिसांचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेत कलम १२५ आहे, हयगयीने दुसऱ्याला इजा करण्याचं. डोक्याला किंवा चेहऱ्याला कायमची विद्रूपता आली तर ती गंभीर दुखापत धरतात. तक्रार देता येते. पण त्यातून भरपाई सहसा हाती लागत नाही, आणि पोलीस पहिल्यांदा जबाबाला बोलावतील ते त्या मुलीला. तुम्ही वर लिहिलंत त्याच्याशी हे जुळतं का, विचार करा.

आधी वकिली नोटीस, पंधरा दिवसांची मुदत देऊन. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवा. मोठे ब्रँड तिथे निदान उत्तर तरी देतात आणि ते उत्तर आपल्याला कागद म्हणून उपयोगी पडतं. मग आयोग. नोटीस मिळाल्यावर त्यांना म्हणणं मांडायला ३० दिवस, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५, त्यापलीकडे नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलंय. वर्ष-दोन वर्षं धरून चाला. मध्ये आयोग मध्यस्थीला पाठवेल, तेव्हा आकडा आजच्या पंचवीसपेक्षा बराच वर गेलेला असेल असा माझा अंदाज.

त्यांचा फोन पुन्हा आला तर उचलू नका. बिलाची मूळ प्रत, केसपेपर आणि खपली असतानाचे फोटो एका फाइलला लावा. फोटो व्हॉट्सॲपवर आलेले नकोत, ज्या मोबाइलने काढले त्यातले मूळ हवेत, आणि तो मोबाइल निकालापर्यंत एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

बस्तेवाली_सातारा

फोटो जाऊबाईंच्याच मोबाइलमध्ये आहेत. आणि त्या पाडव्याला नवीन घेणार आहेत. आत्ताच फोन करते.