‘समुद्रावरून चालत’ : हा ‘वर’ पाण्यावरचा की काठावरचा?

जालन्याहून :
‘रात्रीच्या चौथ्या प्रहरी येशू समुद्रावरून चालत त्यांच्याकडे आला.’ त्यांच्याकडे म्हणजे होडीतल्या शिष्यांकडे. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा हा १४वा अध्याय लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आले, कधी अडखळले नाही. परवा भाचा म्हणाला, “मावशी, आजोबा हिरीवर गेलेत म्हणतो आपण, तेव्हा ते काय पाण्यावर उभे असतात?” मला उत्तर सुचलं नाही. मूळ ग्रीकमध्येही ‘वर’ असाच दोन अर्थांचा आहे का? माझी श्रद्धा आहे, म्हणूनच विचारते.

परभणीहून :
ताई, पोरानं नेमकं बोट ठेवलंय. बाया नदीवर धुणं धुतात, पैठण गोदावरीवर वसलंय; दोन्हीकडं ‘वर’ म्हणजे काठ. ‘वरून’नंही सुटका होत नाही, कारण ‘नदीवरून आले’ म्हणजे काठाकडून आले. ‘वर’साठीच्या ग्रीक ‘एपी’चंही तसंच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात ६:१९ मध्ये (अध्याय ६, वचन १९) येशू ‘एपी तेस थालासेस’ चालतो, आणि त्याच योहानात २१:१ मध्ये हेच शब्द ‘समुद्राकाठी’ अशा अर्थानं येतात. हाइन्रिख पाउलुस या जर्मन धर्मपंडितानं १९व्या शतकात याच वाटेनं अर्थ लावला : येशू काठानंच चालत होता, शिष्यांना तो पाण्यावर भासला.

पण प्रत्यय एकटा अर्थ ठरवत नाही, आजूबाजूची वाक्यं ठरवतात. मार्क ६:४७ पाहा. होडी समुद्राच्या मध्यावर, येशू एकटा जमिनीवर. आणि पुढच्याच वचनात तो समुद्रावर. दोन्ही ठिकाणी ‘एपी’. जमिनीवर आणि समुद्रावर अशी जोडी मांडल्यावर काठाला जागा कुठं उरते? योहान म्हणतो, ते २५-३० स्टेडियम (अंतराचं जुनं माप) वल्हवत आले होते, म्हणजे साधारण ५ किलोमीटर. शिष्य ‘भूत’ म्हणून ओरडतात. काठानं जाणाऱ्या माणसाला बघून जन्मभर पाण्यात काढलेले कोळी असे ओरडतील, हे मला पटत नाही. मत्तयमध्ये तर पेत्र हा शिष्य होडीतून उतरून पाण्यावरून येशूकडे निघतो आणि बुडू लागतो.

मी चमत्कार मानत नाही. पण लिहिणाऱ्यांना पाण्याच्या पाठीवरूनच म्हणायचं आहे, हे वाचताना स्पष्ट दिसतं. आपल्याला मानायचं नाही म्हणून त्यांचा प्रत्यय पिळू नये.

लातूरहून :
बर्फाचीही एक उपपत्ती आहे. समुद्रशास्त्रज्ञ डोरॉन नोफ आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलं होतं की त्या तळ्यात पूर्वीच्या थंड काळात झऱ्यांजवळ माणसाचं वजन पेलणारा बर्फ धरू शकला असता. मग पेत्र बुडतो कसा, हा प्रश्न राहतोच.

पैठणहून :
‘समुद्र’वरही बोला. या गोष्टीतला गालीलचा समुद्र हे गोड्या पाण्याचं तळं, साधारण २१ किलोमीटर लांब आणि १३ रुंद. चार शुभवर्तमानकारांपैकी लूक त्याला तळंच म्हणतो, बाकी तिघं समुद्र. आमचा नाथसागरही धरणच आहे की. जायकवाडीचं पाणी वाऱ्यात कसं उसळतं ते काठावर राहून पाहिलंय, त्यामुळं मला ‘सागर’ खोटा वाटत नाही. एक आणखी : आपले रात्रीचे चार प्रहर आणि रोमनांचे रात्रपहाऱ्याचे चार भाग जुळतात. त्यामुळं ‘चौथा प्रहर’ हे भाषांतर अगदी नेमकं बसलंय, पहाटे ३ ते ६.

जालन्याहून :
सगळ्यांचे आभार. ‘वर’ कळला. आता ‘अल्पविश्वासी’ सांगा. येशू पेत्राला म्हणतो, ‘अरे अल्पविश्वासी, तू संशय का धरलास?’ आमच्याकडं हा शब्द शिवीसारखा वापरतात. कुणी प्रश्न विचारला की अल्पविश्वासी. मला लहानपणी एका शिक्षकांनी वर्गात असंच म्हटलं होतं, अजून टोचतं.

परभणीहून :
तो वापर चुकीचा आहे, ताई. ग्रीक ‘ऑलिगोपिस्तोस’ म्हणजे थोडा विश्वास असलेला. विश्वास नसलेल्याला वेगळा शब्द आहे, ‘आपिस्तोस’. आणि इथं तो म्हटलाय कुणाला? होडीतून पाय बाहेर टाकणाऱ्या एकट्याला. आत बसून राहिलेल्या अकरा जणांना कुणी काही म्हणत नाही. ‘संशय धरणे’साठी जे क्रियापद आहे, ‘दिस्ताझो’, त्याच्या पोटात ‘दोन’ आहे, आपल्या ‘द्विधा’सारखं. एक पाय विश्वासात, एक भीतीत. नव्या करारात ते दोनदाच येतं : इथं आणि मत्तय २८:१७ मध्ये.

जालन्याहून :
२८:१७ आत्ताच काढून पाहिलं. पुन्हा उठलेल्या येशूला डोंगरावर बघून शिष्य नमन करतात, ‘तरी कित्येकांना संशय वाटला’. नमन आणि संशय एकाच वाक्यात. इतकी वर्षं वाचत होते आणि दिसलं नव्हतं. भाचा संध्याकाळी येईल, त्याला दोन्ही वचनं सोबतच वाचून दाखवते.