केमो चालू असलेल्या मैत्रिणीकडे जाताना
एकीने विचारलंय, केमो चालू असलेल्या मैत्रिणीला भेटायला जाताना काय न्यावं. आमच्या नागपुरात संत्री नेतात, पण तोंड आलं असेल तर ती फार झोंबतात. त्यापेक्षा मऊ मुगाची खिचडी न्या, कोमट. ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर गार पाण्याच्या घोटानेही घशात टोचतं. स्टीलच्या चमच्याने धातूची चव जास्त जाणवते, म्हणून मी पर्समध्ये लाकडी चमचा ठेवते.

आणि सल्ले नकोत! माझ्या केमोच्या वेळी इथल्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात शेजारी बसलेल्या गोंदियाच्या काकू सलाईन संपेपर्यंत माझ्याशी फक्त वांग्याच्या भरताबद्दल बोलत होत्या, पातीचा कांदा कधी घालायचा वगैरे. केवढं बरं वाटलं! आता आमच्या केमोच्या तारखा जुळाव्यात म्हणून आम्ही दोघी सिस्टरांच्या मागे लागतो.