एआयएसमध्ये अवचित निघालेले फंडाचे चिल्लर व्यवहार: तुमचे अनुभव

गवतफूल
काल भावाचं रिटर्न भरायला बसले होते. पगार आणि बँकेचं व्याज, एवढ्यावर आटपेल असं वाटत होतं, तर एआयएसमध्ये (आयकर खात्याकडची आपल्या वर्षभराच्या व्यवहारांची यादी) म्युच्युअल फंड विक्रीच्या ओळींची ही रांग! हा म्हणतो, "ताई, मी काहीच विकलं नाही गं." मग उलगडा झाला. लिक्विड फंडात पैसे टाकून साहेबांनी दरमहा हजाराची एसटीपी लावलीय, म्हणजे त्यातले हजार दरमहा आपोआप दुसऱ्या फंडात. पहिल्या हप्त्यावर नफा सहा रुपये काही पैसे, पुढच्यावर बारा, मग अठरा...

ते आकडे बघताना बाबांची वही आठवली. यूएस-६४ चं, म्हणजे युनिट ट्रस्टच्या जुन्या योजनेचं, डिव्हिडंड वॉरंट पोस्टाने यायचं. बँकेत भरण्याआधी तारीख, वॉरंट नंबर, रक्कम वहीत चढायचीच. आई म्हणायची, एवढ्याशा पैशाला शाईच जास्त लागते. बाबांचं उत्तर ठरलेलं, "मिळाले ना? मग लिहायचे."

तुमच्याकडे असं ध्यानीमनी नसलेलं काय काय निघालं? आणि दाखवलंत कुठे?

बाराभानगडी
चार रुपये ऐंशी पैसे. विक्रम मोडून दाखवा.

हिशेबनीस
एसटीपीचा दर हप्ता म्हणजे लिक्विडमधून विक्री आणि तिकडे खरेदी. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेली लिक्विड किंवा डेट (कर्जरोख्यांच्या) फंडाची युनिट्स कितीही वर्षं ठेवा, कलम ५०एए मुळे नफा शॉर्ट टर्मच (अल्प मुदतीचाच) धरतात आणि स्लॅबप्रमाणे कर. रक्कम सहा रुपये असो की सहा लाख, शॉर्ट टर्म आलं की आयटीआर-१ (रिटर्नचा सगळ्यात सोपा फॉर्म) बाद. नोकरदाराने आयटीआर-२ घ्यायचा.

एक एक ओळ टाइप करत बसू नका. कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून कॅपिटल गेन स्टेटमेंट मागवा, बेरीज तयार मिळते.

उंबरठा
यूएस-६४ वाचून कुठल्या कुठे गेले. तेव्हा ८०एल हे करसवलतीचं कलम होतं, युनिटचं उत्पन्न त्यात वजा व्हायचं. आमचे सासरे मार्च आला की सगळ्या घराला कामाला लावायचे. एकाने वॉरंटचे तुकडे वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे. अक्षर वाईट म्हणून मला कायम वाचायचं काम.

रिकामटेकडा
इक्विटी (शेअर्सच्या) फंडात रेग्युलर (एजंटमार्फतच्या) प्लॅनमधून डायरेक्टमध्ये (थेट) गेलो. फंड तोच, मॅनेजर तोच, युनिट्स फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात. एआयएसला मात्र ती विक्री! शेवटच्या काही एसआयपींना वर्ष झालं नव्हतं, तेवढा तुकडा शॉर्ट टर्म. तोही अर्धा १५ टक्क्यांत आणि अर्धा २० टक्क्यांत, कारण २३ जुलै २०२४ ला दर बदलले आणि माझे स्विच त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे. सीएची फी करापेक्षा जास्त झाली. हसून घ्या.

बाराभानगडी
हसलो. सीए पण हसला असेल.

पाऊलवाट
आईचं प्रकरण लिहिते. ती गेल्यावर तिच्या कपाटात एका फोलिओचं (फंडातल्या खात्याचं) जुनं स्टेटमेंट सापडलं, युनिट्स अगदी थोडी. ट्रान्समिशन (वारसाच्या नावावर बदली) करून माझ्या नावावर घेतली, यंदा विकली. मला वाटत होतं नावावर आली ती तारीख धरायची. तसं नसतं. आईने घेतली ती तारीख आणि तिचीच किंमत पुढे चालते. इक्विटी फंड आणि ३१ जानेवारी २०१८ च्या आधीची खरेदी, म्हणून त्या दिवसाची एनएव्हीही (एका युनिटची किंमत) बघावी लागली. नफा फार नव्हता, पण फॉर्मवर तिची सही बघून काम तिथेच थांबलं त्या दिवशी.

उंबरठा
पाऊलवाट, काळजी घे गं. आमच्याकडेही सासऱ्यांचे कागद अजून तसेच आहेत. हात लावायचं होत नाही.

दुधावरची_साय
कुकर लावलाय म्हणून पटकन. डिव्हिडंड रिइन्व्हेस्टवाले (डिव्हिडंडची परत युनिट्सच घेणारे) सांभाळा! खात्यात छदाम येत नाही, नुसती युनिट्स वाढतात, पण एप्रिल २०२० पासून तोही आपल्या हातातला डिव्हिडंडच, इतर उत्पन्नात दाखवायचा. जमेची बाजू एवढीच की त्या युनिट्सची खरेदी किंमत तीच रक्कम धरतात, म्हणजे विकताना पुन्हा त्याच पैशावर कर नाही. नवऱ्याला हे समजावण्यात माझी दुपार गेली.

रिकामटेकडा
शिट्ट्या किती झाल्या?

दुधावरची_साय
मोजल्या नाहीत. डाळीचं पिठलं झालं.

कोराकागद
मुलीच्या नावाने फोलिओ आहे, त्यात थोडा नफा. तिचं वेगळं रिटर्न भरायचं का?

हिशेबनीस
नाही. अल्पवयीन मुलाचं असं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचं जास्त त्याच्यात मिळवतात. दर मुलामागे १५०० रुपयांची सूट आहे, पण जुन्या रिजीममध्ये (करपद्धतीत). नव्यात ती नाही.

कोराकागद
म्हणजे बायकोच्या. तिला कसं सांगू 😅

सुपारी
माझं जरा वेगळं. एका डेट फंडातला रोखा अडकला होता, म्हणजे त्याचे पैसे परत येईनात, फंडाने तेवढा भाग वेगळा काढून निराळा पोर्टफोलिओ केला. त्यावर पाणी सोडलं होतं आणि काही वर्षांनी बँकेत अचानक पैसे जमा! आधी वाटलं कुणीतरी चुकून पाठवले. एआयएसमध्ये विक्री दिसली तेव्हा ट्यूब पेटली. मूळ खरेदीची किंमत दोन्ही पोर्टफोलिओंत प्रमाणात वाटायची, तारीख मूळचीच. फंडाच्या स्टेटमेंटमध्ये ती विभागणी होती म्हणून निभावलं.

तळटीप
सरसकट आयटीआर-२ च्या मागे लागू नका पण. आकारणी वर्ष २०२५-२६ पासून इक्विटी फंडाचा लाँग टर्म नफा सव्वा लाखाच्या आत असेल आणि पुढे ओढायचा तोटा नसेल, तर आयटीआर-१ मध्येच दाखवता येतो. कर शून्य असला तरी दाखवायचा मात्र. आमच्या ऑफिसात "कर नाही ना, मग कशाला" पंथ जोरात आहे.

रिकामटेकडा
तो पंथ सर्वत्र. आणि तोटा झाला की हेच लोक गप्प. अरे, उलट तोटा तर आवर्जून दाखवा, वेळेत रिटर्न भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो.

गवतफूल
माझ्या भावाला ओळी तशाच सोडून द्यायच्या होत्या. म्हटलं, एआयएसमध्ये एखादी नोंद दुबार किंवा दुसऱ्याचीच असेल तर तसा फीडबॅक देता येतो, पण ही तुझीच आहे रे बाबा. आता स्टेटमेंट मागवलंय. हिशेबनीस, आभार.

उंबरठा
अगं, एआयएसची पीडीएफ उघडतच नाहीये माझी. पासवर्ड मागतेय.

तळटीप
पॅन, इंग्रजी छोट्या अक्षरांत, लगेच पुढे जन्मतारीख. दिवस, महिना, पूर्ण साल. मध्ये जागा नको, रेघ नको.

उंबरठा
मोठ्या अक्षरांत टाकत होते. थांबा हं...

उंबरठा
उघडली. अगंबाई, डिव्हिडंड आहे माझ्या नावाला!