पिसांनी केलेलं 1539 चं चित्र: श्रद्धा की बळजबरी?

पैठणची_विणकर:
मी पैठणीचा माग चालवते. मेक्सिकोत 1539 साली केलेल्या 'संत ग्रेगरीची मिस्सा' (मिस्सा म्हणजे ख्रिस्ती उपासना) या चित्राचा फोटो बघायले. रंगाच्या जागी पक्ष्यांची पिसं! 1521 ला स्पॅनिशांनी तिथल्या अझ्टेक लोकांची राजधानी पाडली, देवळं मोडली, आन् अठरा वर्षांत याच कारागिरांनी त्यांच्या देवाचं चित्र केलं? मला हे लई खटकायलंय. आणखी एक, पिसं बसवायचे कशी?

परभणीकर_मास्तर:
ताई, आधी काम सांगतो. ऑर्किडच्या कंदाचा गोंद लावून कापसाचा पातळ थर करायचे, त्यावर आकृती उतरवायचे. खाली साधी, रंगवलेली पिसं, वर मौल्यवान. सहागुन या फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूनं कारागिरांकडूनच हे लिहून घेतलंय.

हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्याच्या पिसाची झळाळी रंगद्रव्याची नसते, पिसाच्या सूक्ष्म रचनेची असते. पैठणीच्या धूपछावसारखी ती बघणाऱ्याबरोबर हलते. नाहुआ लोकांना (अझ्टेक त्यांच्यातलेच) त्या चमकेत देवाचं तेज दिसायचं. रणात पडलेला योद्धा चार वर्षं सूर्यासोबत चालतो, मग असा पक्षी होतो, अशी त्यांची श्रद्धा. तेच तेज त्यांनी ख्रिस्ताला दिलं. मला यात शरणागती दिसत नाही.

आन् हे चित्र केलं पोप तिसऱ्या पॉलसाठी. 1537 मध्ये त्यानंच जाहीर केलं होतं की हे लोक माणसं आहेत, त्यांना गुलाम करता येणार नाही. करवून घेणारा गव्हर्नर दिएगो उआनित्सिन हा अझ्टेक सम्राट मोक्तेसुमाचा पुतण्या. माझ्या मते हे पोपला दिलेलं उत्तर आहे: बघा, आमचे हात काय करतात.

नांदेड_वाचक:
सर, पटतंय, पण जुना काळ फार गोड करू नका. अझ्टेकसुद्धा जिंकलेल्या मुलखांतून केट्झल पक्ष्याची पिसं खंडणी म्हणून घ्यायचे. पिसामागं सत्ता आधीपासून होतीच.

पैठणची_विणकर:
दोघांचेही आभार. चित्रावरच्या मजकुरात पोप आहे, गव्हर्नर आहे, देखरेख करणारा साधू पेद्रो दे गांते आहे. पिसं लावणाऱ्याचं नाव कुठंच नाही! आमच्या साडीवरपण दुकानाचाच शिक्का असतो, म्हणून जास्त लागलं. एकाही कारागिराचं नाव उरलं नाही का?

परभणीकर_मास्तर:
उरलंय ताई. व्हिएन्नात येशू आणि मरियेची पिसांची दोन चित्रं आहेत. त्यांवर सही आहे मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या हुआन बाउतिस्ता कुइरिसची.