आईच्या कर्जातून ‘हॉस्पिटल’चे ६५० कापलेत. डेंग्यूचे पैसे मिळतील का?

खोली_नंबर_नऊ

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आम्ही हडपसरला राहतो. आई पोळीभाजीची चार घरं करते, वडील बिगारी, काम मिळेल तसं. मार्चमध्ये आईने बायकांच्या गटातून ४५,००० चं कर्ज उचललं. माझी फी होती आणि पत्रे बदलायचे होते. हातात ४३ हजार आणि वर काहीतरी आले. आई म्हणाली, कापतातच गं. आता कर्जाचं कार्ड नीट वाचलं तर तीन ओळी दिसल्या: प्रोसेसिंग, ‘जीवन – स्वतः व पती’, आणि ‘हॉस्पिटल’ ६५०. पॉलिसीचा कागद कुठेच नाही.

गेल्या महिन्यात आईला डेंग्यू झाला. प्लेटलेट ३८ हजारांवर आल्या, रात्रीचे साडेदहा वाजलेले, म्हणून गल्लीच्या तोंडाशी जे छोटं नर्सिंग होम आहे तिथेच नेलं. पाच दिवस ॲडमिट. बिल २७,४००. भिशीचे १० हजार होते, मामाने ८ दिले, बाकीच्यासाठी आईचे कानातले गहाण पडले. केशरी रेशन कार्ड आहे आमचं, त्यावर सरकारी योजनेत फुकट उपचार मिळतात म्हणे, पण काउंटरवर ‘योजना इथे नाही’ एवढंच उत्तर. घरी आल्यावर १२ दिवस खाडे झाले आणि एका घराने तेवढ्यात दुसरी बाई लावली.

मला विचारायचंय ते असं. त्या ६५० मध्ये काही मिळतं का? केशरी कार्डावर आता बिल दाखवून पैसे येतील का? आणि एका एजंटने चौघांची पाच लाखांची पॉलिसी वर्षाला १४ हजारात सांगितलीये, ती घ्यावी का? आईला एका घराचे महिन्याला ३ हजार मिळतात. म्हणजे एका घराच्या जवळपास पाच महिन्यांच्या पोळ्या.

सरळ_बोलतो

सरकारी योजना फुकट असताना लोक खासगीत का जातात हेच समजत नाही. आधी चौकशी करायची असते. रिचार्जला बरे पैसे असतात.

क्लेमवाली_काकू

सरळराव, रात्री साडेदहाला ३८ हजार प्लेटलेट हातात घेऊन चौकशी करून दाखवा एकदा.

बाळा, मी अकरा वर्षं वस्तीत एका संस्थेच्या आरोग्य निधीचे क्लेम भरून घ्यायचे. तुझ्या घरासारखीच घरं. आधी ते ६५० बघू.

ही बहुतेक ‘हॉस्पिटल कॅश’ असणार. म्हणजे बिल कितीही होऊ दे, ॲडमिट राहिल्याच्या दर दिवसाला ठरलेली रक्कम. कुठे ३००, कुठे ५००, कुठे १०००. कधी पहिला दिवस धरत नाहीत. गटाच्या बैठकीला तू स्वतः जा आणि वसुलीला येणाऱ्या सरांकडे विम्याचं प्रमाणपत्र माग. सगळ्या गटाची पॉलिसी एकच असते, पण प्रत्येक बाईच्या नावाने प्रमाणपत्र निघतं. ‘ते कंपल्सरीच असतं’ असं म्हणतील. तसं नाही. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत: कर्जाबरोबर दुसरं काही विकायचं तर बाईची संमती हवी आणि त्याचे पैसे कर्जाच्या कार्डावर लिहिलेले हवेत. लिहिलेत ते बरंच झालं, तोच तुझा पुरावा.

कागद म्हणजे डिस्चार्ज कार्ड (ॲडमिट आणि डिस्चार्ज दोन्हीच्या वेळा त्यावर हव्यात), रिपोर्ट, आधार, पासबुकचं पहिलं पान. नर्सिंग होमचा नोंदणी क्रमांक बिलावर आहे का तेही बघ. आणि नाव! माझे निम्मे क्लेम नावापायी अडकायचे. आधारवर ‘मंगल’, डिस्चार्ज कार्डावर ‘मंगलबाई’, पासबुकात माहेरचं आडनाव. बाई एकच, पण कंपनीच्या लेखी तिघी. अर्ज आजच दे, मुदत असते. महिनाभर लेखी तक्रार करूनही उत्तर आलं नाही तर विमा नियामकाचा नंबर १५५२५५. त्याच्या पुढे विमा लोकपाल, पुण्यात कार्यालय आहे, फी नाही.

केशरी कार्डाचं मात्र आता काही होणार नाही. ती महात्मा फुले योजना पूर्ण कॅशलेस आहे, मागाहून बिल नेऊन पैसे मिळत नाहीत. योजनेतलं हॉस्पिटलच लागतं, तिथे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो त्याला ॲडमिट होतानाच गाठायचं, आणि आजार उपचारांच्या यादीत असावा लागतो. २०१२ साली ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर, २०१७ मध्ये महात्मा फुले नाव लागलं. तेव्हा दीड लाखाची मर्यादा होती, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख. मी तिला नावं ठेवणार नाही. आमच्या वस्तीतल्या दोघांची बायपास तिच्यातून झाली, एक रुपया लागला नाही.

पण माझ्या वहीत बायपास किती होत्या? पानंच्या पानं टायफॉइड, डेंग्यू, जुलाब, हात मोडला, कुत्रा चावला, बाळंतपण. १० ते ३० हजारांची बिलं. घर कर्जात जातं ते याच बिलांनी, आणि ५ लाखांचा आकडा अशा वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा नुसता बघायचा. २००८ ला केंद्राने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा काढला होता, ३० रुपये भरून ३० हजारांचं कार्ड. लहान वाटतं ना? पण त्यात हॉस्पिटलला जायचे १०० रुपये गाडीभाडंसुद्धा होतं. ज्याने कोणी ते घातलं त्याने रिक्षासाठी हात पसरणारी बाई बघितली असणार.

आमच्या निधीत माणशी वर्षाला थोडी वर्गणी असायची आणि क्लेम मंजूर करायला दर महिन्याला सभासद बायकाच बसायच्या. एकदा एकीच्या नवऱ्याचं लिव्हर गेलं, दारूने. नियमात दारूचं काही बसत नव्हतं. दोन तास भांडण. एक म्हणाली, आपले पैसे त्याच्या बाटलीत का घालायचे. दुसरी म्हणाली, बिल बाटलीने नाही, हिने भरलंय. शेवटी नुसते तपासण्यांचे पैसे द्यायचं ठरलं. असा निर्णय कुठल्या कंपनीच्या कॉम्प्युटरने दिला असता? तोटाही सांगते. पावसाळा जोराचा आला की दिवाळीआधी निधी आटायचा, आणि मग दर क्लेममागे काटछाट.

अहमदाबादच्या ‘सेवा’ या बायकांच्या संघटनेने १९९२ पासून असंघटित कामगार बायकांचा विमा चालवलाय. तिथे एकदाच ठेव ठेवायची आणि तिच्या व्याजातून दरवर्षीचा हप्ता, अशी सोय होती. हप्त्याच्या महिन्यात हातात पैसा नसतो हे ज्यांना माहीत, त्यांनाच हे सुचतं. पुण्यात ‘अन्नपूर्णा परिवार’ या संस्थेचाही आरोग्य निधी आहे. तुमच्या भागात त्यांचं काम आहे का ते विचारून बघ.

हिशोबनीस

काकूंनी पॉलिसीचं राहू दिलं म्हणून थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, आधी १८ टक्के होता. एजंटचे १४ हजार त्याआधीच्या, कर धरलेल्या कोटेशनचे तर नाहीत ना ते बघा. खोलीभाड्याची मर्यादाही विचारा. महागाची खोली घेतली तर नुसतं भाडं नाही, इतर खर्चही त्याच प्रमाणात कापतात. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

मी तुमच्या जागी असतो तर वेगळा रस्ता बघितला असता. तुम्हाला १० किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी नोकरी लागली आणि पगार २१ हजारांच्या आत असला, तर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागतं. १५ हजार पगाराला तुमचे महिन्याला ११३ रुपये कापले जातात, बाकी मालक भरतो. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर तेही त्यात येतात, फक्त त्यांच्या उत्पन्नाची अट तपासा.

खोली_नंबर_नऊ

काकू, काल बैठकीला गेले. सर अगदी तुम्ही लिहिलंय तेच म्हणाले, ‘कंपल्सरीच असतं’. मी कार्ड दाखवून संमतीचं विचारलं तर सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. संध्याकाळी प्रमाणपत्र व्हॉट्सॲपवर आलं. दिवसाला ५००, पहिला दिवस सोडून. म्हणजे २,०००. गटातल्या आणखी तिघींनी आता आपापलं मागितलंय, एकीचा मुलगा जूनमध्येच ॲडमिट होता.

योजनेच्या १५५३८८ वर फोन करून जवळच्या हॉस्पिटलांची नावं घेतली. सगळ्यात जवळचं रिक्षाने वीस मिनिटांवर. दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलंय. आई म्हणते, दोन हजार आले तर कानातल्यांचं व्याज तरी निघेल.

एकच अडचण. डिस्चार्ज कार्डावर ॲडमिट व्हायची तारीख एक दिवस पुढची पडलीये. मी पेनाने नीट करू का?

क्लेमवाली_काकू

अजिबात हात लावू नकोस! उद्या सकाळी त्यांच्याकडे जा, ॲडमिशनच्या रजिस्टरवरून दुरुस्त करायला सांग, आणि दुरुस्तीपाशीच डॉक्टरची सही आणि शिक्का घे. दुपारी गेलीस तर शिक्क्याची किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो.